स्टोची पिन

बाबा, आज माळ्यावरून तुमचा पितळी स्टो काढला आणि चिंच लावून घासला. घरात गॅस येऊन किती वर्षं झाली, तरी तो मोडीत द्यायला माझं मन होत नाही. सून म्हणाली, "आई, कशाला एवढा जीव काढता त्याच्यासाठी?" तिला काय सांगू? सांगायचं ते तुम्हाला होतं, आणि तुम्ही होते तेव्हा ते तोंडातून निघालं नाही.

तुम्ही मोजणी खात्यात साखळी ओढायचे. मेळघाटात कॅम्प पडला की महिना महिना भातकुलीचं घर दिसायचं नाही. आपण बौद्ध दीक्षा घेतली, तरी कॅम्पात चुली वेगळ्याच राहिल्या. सोबतच्या तिघा साखळीवाल्यांची छपराखाली, तुमची लांब, तुमच्या तंबूपुढे उघड्यावर. तुमची विझली आणि काड्या सादळलेल्या असल्या तर त्यांच्याकडे विस्तव मागायला जावं लागे. एकदा त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं निखारा तुमच्या खापरीत न टाकता लांबून मातीत फेकला. हे तुम्ही आईला हसत हसत सांगितलं. पण पुढच्याच खेपेला अकोल्याच्या बाजारातून हा जुना स्टो घेऊन आले. आई म्हणाली, "जंगलात लाकडाचा दुष्काळ आहे काय?" तुम्ही नुसती टाकी पुसत बसले.

मग कॉलेजच्या पहिल्या वर्षी, नाताळच्या सुट्टीत, वहीत लावायला झाडपाला गोळा करायला मी तुमच्याबरोबर कॅम्पात आले. तुमचा थाट काय वर्णावा! रॉकेल जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं, डबा पिठापासून चार हात लांब, कारण एकदा आठ दिवस रॉकेलच्या वासाची भाकर खाल्ली होती. डाळ सकाळीच भिजत घालून निघायचं, म्हणजे संध्याकाळी तेल कमी जळतं. थंडीत रॉकेलात भिजवलेला काकडा दोनदा पेटवायचा, बर्नर चांगला तापू द्यायचा, मग पंप. वाऱ्याकडून पत्र्याच्या पेटीचं झाकण आडवं. आणि बर्नरच्या भोकात कचरा अडकला की पिन. ती एका रिकाम्या काडेपेटीत असायची, आणि पिन नसली की एवढा मोठा स्टो म्हणजे नुसतं पितळेचं भांडं.

चौथ्या दिवशी अवकाळी पाऊस लागला तो थांबेचना. लाकूड ओलं, छपर गळकं, त्यांची चूल दोन दिवस पेटली नाही. म्हाताऱ्याला ताप भरला. पावसाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्यातला एक जण भगुणं घेऊन आपल्या तंबूच्या तोंडाशी उभा राहिला. "म्हाताऱ्याले पेज करून देता काय तुमच्या स्टोवर? पोटात काईच नाही त्याच्या."

"देतो ना. आत ये, भिजून राहिला तू," तुम्ही म्हणाले आणि स्वतःचं पोतं त्याला बसायला सरकवलं. तो बसला, बाबा. आपल्या तंबूत, आपल्या पोत्यावर. तुम्ही पाणी आणायला बाहेर पडले तशी मी मागोमाग आले आणि म्हणाले, "निखारा फेकला तो हाच म्हातारा ना? त्याले कावून द्यायचं?" तुम्ही माझ्याकडे असं पाहिलं की मी कुणी परकीच. "कॉलेजात हेच शिकवते काय तुले? अवं, आज तो आपल्या आगीपाशी आला. याच दिवसासाठी घेतला असन मी हा स्टो."

मला ते झोंबलं. त्यांच्यासमोर तुम्ही ताठ राहावं असं मला वाटत होतं, आणि तुम्ही त्यांची पेज शिजवायला निघाले होते. माझा राग खोटा नव्हता, आजही तो खोटा होता असं मी म्हणणार नाही. तुम्ही ओढ्यावर असताना मी तंबूत परत आले, पेटी आवरायचं निमित्त केलं आणि काडेपेटीतली पिन काढून माझ्या झाडपाल्याच्या वहीत सरकवली.

काकडा पेटला, तुम्ही पंप मारला, ज्योत पिवळी पडली, भपकली आणि गेली; भोक बुजलं होतं. तुम्ही काडेपेटी उघडली. मग पेटी, मग पिशव्या, मग तंबूबाहेर गुडघ्यांवर बसून चिखल चाचपायला लागले. तो माणूस पाहत होता. शेवटी तुम्ही बाभळीचा काटा भोकात घातला आणि तो आतच मोडला. संपलं. त्यानं भगुणं उचललं. "राहू द्या. एवढा स्टोचा तोरा, अन् पिन नाही सांभाळता येत." तुम्ही म्हणाले, "माह्याच हातून पडली असन कुठं." त्या दिवशी आपण भिजवलेली डाळ तशीच कच्ची चावली आणि तुम्ही माझ्यावर एका शब्दानं रागावले नाही.

म्हातारा वाचला. पाऊस उघडल्यावर बैलगाडीत घालून त्याला खाली नेलं. तो मेला असता तर मी आज हे लिहायला बसले असते की नाही, माहीत नाही. लाकडं वाळली, त्यांची चूल छपराखाली पेटली, तुमची जागा लांबच राहिली. त्यानंतर कितीतरी कॅम्प केले तुम्ही. आपल्या आगीपाशी पुन्हा कुणी भगुणं घेऊन आलं नाही. आईनं खोदून विचारलं होतं, तेव्हा तुम्हीच सांगितलं.

नवी पिन मात्र तुम्ही काडेपेटीत ठेवली नाही. सदऱ्याच्या काजाला दोऱ्यानं बांधली, आणि सदरा बदलला की पिनही दुसऱ्या काजाला जायची. पोरं हसायची. मला अकोल्याच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा तुम्ही हा स्टो पोत्यात गुंडाळून खोलीवर आणून दिला. दोरा दातानं तोडून पिन माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "सांभाळ बाई. माह्यावानी हरवू नको." तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी चहा ठेवते म्हणाले.

ती जुनी पिन अजून वहीत आहे. धावड्याच्या पानाखाली कागदावर गंजाचा डाग पडलाय. हे पत्र घडी करून तिथेच ठेवते, दुसरं कुठे टाकणार? पण एक गोष्ट अजून लिहायची राहिली. तुम्ही त्या चिखलात बोटं खुपसून शोधत होते ना, तेव्हा मी वही छातीशी धरून उभी होते, आणि थोडा वेळ, बाबा, मला बरं वाटत होतं.