एक झाकण रॉकेल

आई, तुझी नात तुझ्या साफसफाईच्या पद्धती माझ्याकडून लिहून मागते आहे. येत्या रविवारी तिच्या मुलाचा पहिला वाढदिवस आहे, रहाटणीला त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. पाहुणे यायच्या आधी घर कसं आवरायचं, तांबं-पितळ कशानं घासायचं, रांगणाऱ्या पोरांसाठी फरशी कशी पुसायची, हे सगळं तिला एका कागदावर हवंय. मोबाइलवर असल्या युक्त्यांचे ढिगानं व्हिडिओ आहेत, असं मी म्हणून पाहिलं. तर म्हणाली, "ते सगळे नुसता सोडा टाकतात नि व्हिनेगर ओततात, बाबा. मला आजीचं हवंय. तिच्या फरशीला एक वास यायचा, मला अजून आठवतो. तो कशाचा होता?" तू पुसलेली ती फरशी तिनं पाहिली तेव्हा ती पाच वर्षांची होती. मी म्हटलं, लिहून देतो. कागद घेतला, आकडे घातले, दहा मुद्दे सरळ उतरले. अकराव्याला फरशी आली आणि पेन थांबलं. तिथं जे लिहायला हवं ते तिच्याआधी तुला सांगायला हवं, म्हणून हा दुसरा कागद.

पहिले दहा तुझेच आहेत, मी फक्त मापं घातलीत. साखरेच्या डब्यात चार लवंगा, मुंग्या फिरकत नाहीत. चहाच्या कपातला डाग ओल्या मिठानं, बोटानं घासायचा, घासणीनं नाही. आरशाला वर्तमानपत्राचा ओला बोळा आणि लगेच दुसरा कोरडा. तांब्याला चिंच, पण चिंच धुऊन झाल्यावर भांडं पुसून ठेवायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी हिरवट होतं. आणि मशीनच्या ऑइलनं काळे झालेले हात चमचाभर साखर नि तेवढंच गोडेतेल घेऊन चोळायचे, पाणी शेवटी. हे मी चाकणला आमच्या कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये नव्या पोरांना वीस-पंचवीस वर्षं शिकवत आलोय. त्यांना वाटतं मी कुठल्या पुस्तकात वाचलं. मीही तसंच वाटू दिलं. कॉलेजचं तोंड न बघता ड्रॉइंग वाचायला शिकलेला माणूस म्हणून मला तिथं मान आहे, आणि त्या मानात कुणाची भागीदारी मला सहजासहजी कबूल करवत नाही.

खरं शिक्षण मात्र पिंपरीच्या आपल्या त्या एका खोलीत झालं. तू कंपनीच्या कँटीनमध्ये फरशा नि मोठी पातेली धुवायचीस आणि घरी येऊन पुन्हा आपली दहा बाय बाराची खोली पुसायचीस. मी चौदाचा असेन. एक दिवस तू दमून भिंतीला टेकलेली आहेस आणि मी मोठ्या ऐटीत म्हणतो, आज मी पुसतो. पुसून झाल्यावर तू उठतेस, खाटेचा एक पाय उचलून बाजूला सरकवतेस. खाली पायाच्या आकाराचा काळा चौकोन. "दिसतंय तेवढंच पुसलास व्हय रे?" एवढंच. मारलं नाहीस, दुसऱ्यांदा बोललीही नाहीस. त्या दिवसापासून मी प्रत्येक वस्तूच्या खाली बघतो. पुढं क्वालिटी इन्स्पेक्टर झालो तो त्या चौकोनामुळं. कंपनीत मात्र मी सांगतो की मला मुळातच नजर होती.

आता फरशी. तुझी पद्धत मला आजही जशीच्या तशी दिसते. आधी कोरडा झाडू, कोपऱ्यातून दाराकडं. मग दोन बादल्या, एक पुसायच्या पाण्याची, एक फडकं खळबळायची. फडकं इतकं पिळायचं की उचललं तर थेंब पडता कामा नये. उकिडवं बसून मागं मागं सरकत यायचं, म्हणजे पुसलेल्यावर आपलाच पाय पडत नाही. आणि लहान पोरं जेवायला बसणार असतील तर पुसायच्या पाण्यात एक झाकण रॉकेल. रेशनवरच्या रॉकेलची एक बाटली तू स्टोव्हपासून वेगळी, उंच फळीवर ठेवायचीस. झाकण म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं. मी नंतर मापून पाहिलंय, पाच मिली भरतं. त्यानं माशा येत नाहीत, मुंग्या येत नाहीत, आणि तासाभरात वास उरतो तो अगदी पुसट. तुझ्या नातीला आठवतो तो हाच.

तो तिचा पाचवा वाढदिवस. आम्ही चिखलीला फ्लॅट घेऊन दोनच महिने झाले होते आणि मला नुकतंच सुपरवायझर केलं होतं. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सतरंज्या घालून कार्यक्रम करायचा ठरलं. पंचवीस-तीस पोरं, बिल्डिंगमधली माणसं, शिवाय आमचे साहेब आणि त्यांच्या मिसेस. साहेब घरी येणार म्हणून मी आठवडाभर फुग्यांचे रंगसुद्धा जुळवत होतो. तू सकाळीच बसनं आलीस, हातात दोन पिशव्या. एकीत तुझी रॉकेलची बाटली आणि फडकी. दुसरीत काय आहे ते तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. पार्किंग बघून म्हणालीस की इथं गाड्यांच्या तेलाचे डाग आहेत, लेकरं खाली बसून खाणार, हे असं चालायचं नाही. साडीचा पदर खोचलास आणि बसलीस. बायकोनं दोनदा वर बोलावलं, तू ऐकलं नाहीस. चार वाजता साहेबांच्या मिसेस ठरल्या वेळेच्या आधीच येऊन उभ्या राहिल्या, साहेब मागून येणार होते. तू तेव्हा जिन्याजवळचा शेवटचा पट्टा पुसत होतीस. त्यांनी फरशीकडं बघितलं, तुझ्याकडं बघितलं आणि मला अगदी कौतुकानं म्हणाल्या, "या मावशी तुमच्याकडं रोज येतात का हो? आमच्याकडं बाई टिकतच नाही. यांचा हात बघा किती स्वच्छ आहे."

मी म्हणालो, "नाही मॅडम, आजच्यापुरत्या बोलावल्यात."

त्या वर गेल्या. तू तेव्हा माझ्यापासून बारा फुटांवर होतीस, पाठमोरी, आणि शेजारच्या बिल्डिंगचा जनरेटर चालू होता. तुझा हात थांबलेला मला दिसला नाही. मग मी तुझ्यापाशी आलो आणि बादलीत नाक घालून ओरडलो. हे रॉकेल कशाला घातलंस, वास बघ किती मारतोय, लोक काय म्हणतील, ही पिंपरीची खोली नाही. आणखीही बरंच. बादली उचलून मी गटारात ओतली. तू मान वर न करता म्हणालीस, "फरशी वाळू दे आधी. लेकरं घसरतील." मग केकच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन जिन्याखालची ओल तू वारा घालून वाळवलीस, सगळी, आणि वर जाऊन सुनेला सांगितलंस की गुडघा ठणकतोय, मी जाते. केक कापला तेव्हा तू बसमध्ये असशील. दुसरी पिशवीही तू परत नेलीस. आमच्या घरात तेव्हापासून एकच गोष्ट सांगितली जाते की मी रॉकेलवरून आईवर चिडलो आणि आई रुसून गेली. बायकोनं मला महिनाभर ऐकवलं. मी मुकाट ऐकून घेतलं, कारण तेवढ्यावर भागत होतं.

तू ऐकलंस की नाही, एवढाच प्रश्न मग माझ्यामागं लागला. ऐकलं नसशील तर मी रॉकेलचा गुन्हेगार, आणि तो गुन्हा आईला कधीही माफ करता येतो. पंधरा दिवसांनी मी पहिली शिफ्ट करून दुपारी परत आलो. बायको पोरीला शाळेतून आणायला गेली होती, घराला कुलूप. समोरच्या वहिनींनी दार उघडून मला एक गाठोडं दिलं. म्हणाल्या, "त्या दिवशी फरशी पुसायला आल्या होत्या ना, त्या मावशी येऊन गेल्या. तुमच्या गावाकडच्याच आहेत म्हणे. त्यांनीच सांगितलं." माझ्या शिफ्टच्या वेळा तुला तोंडपाठ होत्या. कुणी घरात नसेल अशी वेळ तू बघून आली होतीस. आणि वहिनींनी विचारल्यावर माझं खोटं तू माझ्यापेक्षा नीट बोललीस. मी म्हणालो, "हो, गावाकडच्या आहेत." गाठोडं घेऊन आत आलो.

तुझ्या जुन्या साडीचं फडकं, त्याला दुहेरी गाठ, नखानं सुटेना अशी. आत स्टीलचा डबा आणि डब्यात चिवडा. पिंपरीच्या भांड्यांच्या दुकानात बसून तू डब्यावर नाव घालून घेतलं होतंस, पोरीचं नाव, खाली 'वाढदिवसानिमित्त' आणि त्याखाली 'आजीकडून'. दुसऱ्या पिशवीत हा होता तर. ती अक्षरं कुणाला दिसू नयेत म्हणून तू दोन गाठी मारल्या होत्यास. चिवडा मी एकट्यानं खाल्ला, तीन दिवस, कामावर नेऊन. डबा कपड्यांच्या कपाटात मागं ठेवला. पोरीला दिला असता तर तो कधी आला, कुणी घेतला, आजी आत का आली नाही, हे सगळं निघालं असतं. पुढच्या रविवारी आम्ही तुझ्याकडं आलो तेव्हा चहा गाळता गाळता तू हळूच विचारलंस, "पोरीला डबा आवडला का?" मी हो म्हणालो. तू पुन्हा विचारलं नाहीस. त्यानंतर तू चार वर्षं होतीस. आम्ही पिंपरीला यायचो, पण चिखलीला तू एकदाही आली नाहीस, दर वेळी गुडघा. शेवटच्या उन्हाळ्यात तुझ्या खोलीत मुंग्या झाल्या होत्या. मला वाटलं तुला आता दिसत नाही. खाटेचे चारही पाय तू पाण्याच्या वाट्यांत ठेवले होतेस, आणि उंच फळीवर रॉकेलची बाटली नव्हती. मी ओरडलो त्या दिवसापासून तू ते वापरलंच नाहीस, हे मला तुझ्या सुनेकडून कळलं, तू गेल्यावर.

काल मी डबा बाहेर काढला. थोडी रांगोळी घेऊन घासला, कोरड्या फडक्यानं पुसला. अक्षरं अजून स्वच्छ आहेत, 'आजीकडून'मधला दीर्घ उकार दुकानदारानं जरा उजवीकडं मारलाय. रविवारी मी दोन तास आधी जाणार आहे. हॉल माझ्या हातानं पुसणार. रॉकेल आता मिळत नाही, मिठाच्या पाण्यावर भागवीन, पण मागं मागं सरकतच पुसीन. उकिडवं बसणं आता मलाही जड जातं, गुडघा खरोखरच ठणकतो. युक्त्यांचा कागद डब्यात घालून पोरीच्या हातात देईन. इतकी वर्षं हा कुठं होता, असं तिनं विचारलं तर माळ्यावर सापडला म्हणून सांगायचं, असं मी हे लिहायला बसेपर्यंत पक्कं केलेलं होतं. आता ते वाक्य तोंडातून निघेल असं वाटत नाही. दुसरं कुठलं निघेल, तेही माहीत नाही.

अकरावा मुद्दा लिहिलाय. दोन बादल्या, फडकं, मागं सरकणं, एक झाकण, सगळं. हा दुसरा कागद मात्र घडी करून माझ्याच खिशात राहील, कारण वर मी एक माप चुकीचं दिलंय आणि ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. त्या दिवशी जनरेटर चालू नव्हता, आई. आणि जिन्याजवळच्या त्या पट्ट्यापासून मी उभा होतो तिथपर्यंतचं अंतर बारा फूट नाही, चार आहे. मी दुसऱ्याच दिवशी टेप लावून मोजलं होतं.