पिकअपच्या इंजिनाबाबत माझा शेवटचा शब्द

मी, या रोपवाटिकेची मालकीण, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मुलगा शंका काढणारच, म्हणून माझ्या डॉक्टरांनाच साक्षीला बसवले आहे.

घर, रोपवाटिका व बँकेतील ठेव मुलगा आणि मुलगी यांना निम्मी निम्मी. त्यावर वाद नाही. वाद पिकअपवर आहे.

नवरा गेल्यावर पदवी दाखवूनही कोणी नोकरी दिली नाही, तेव्हा मी ही गाडी घेतली आणि रोपे पोचवून दोन्ही मुले वाढवली. गेल्या उन्हाळ्यात मुलगा ती चढावर घेऊन गेला. टेंपरेचरचा काटा लाल रेषेवर गेला, तरी साहेब थांबले नाहीत. मित्र वाट बघत होते. इंजिन जाम झाले.

मुलीने चार गॅरेजे पालथी घालून याच मॉडेलचे जुने इंजिन शोधले. समोर चालू करायला लावले, धूर पाहिला, मगच हो म्हणाली. ते गिअरबॉक्सला जुळते आणि चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पेलते. मी इस्पितळात पडून असताना चिरंजीवांनी कोणालाही न विचारता मोठ्या ट्रकचे इंजिन शेडमध्ये आणून टाकले. ते बसवायला चासीचा आडवा पट्टा कापावा लागतो.

"आई, दुप्पट ताकद आहे! चढावर कशी पळेल बघ."

"आणि उतारावर थांबवणार कोण? तुझा मामा?"

"ब्रेकचं नंतर बघू गं!"

त्याच्या वडिलांनी शेवटच्या सकाळी त्यांच्या गाडीत बसताना मला हेच ऐकवले होते. संध्याकाळी मला त्यांची ओळख पटवायला बोलावले. मुलांना मी हे कधी सांगितले नाही. आता वाचू दे.

सबब, पिकअप मुलीला. गाडीत तिने शोधलेलेच इंजिन बसेल; मी आधी गेले तरीही. मिस्त्रीला तसे बजावले आहे. चासीला कोणी हात लावायचा नाही. शेडमधला कटर मी देऊन टाकला आहे, शोधत बसू नये.

मोठे इंजिन मुलाला. नुसते इंजिन. स्वतः उचलून न्यावे, हॉलमध्ये मांडावे आणि ताकद बघत बसावे.

तो म्हणेल, "ताईला गाडीतलं काय कळतं?" तिला काटा वाचता येतो.

मला शेवटचे न्यायचे ते याच पिकअपमधून. भाड्याची गाडी आणू नये. इंजिन बसले नसेल तर मी थांबेन, मला आता कुठली घाई? गाडी मुलगी चालवेल. मुलाने तिच्या शेजारी बसावे, तोंड बंद ठेवावे आणि पोचेपर्यंत काट्यावरची नजर काढू नये.

लिहून देणार: रोपवाटिकेची मालकीण (सही)

साक्षीदार:
१. माझे डॉक्टर (सही)
२. माझी धाकटी जाऊ, जिला या घरातले काहीही नको आहे (सही)

ठिकाण: रोपवाटिकेतील शेड, त्या धुडासमोर
दिनांक: ९ नोव्हेंबर