दहा तारखेची आई, रविवारची आई

मॅकॲलन, टेक्सास
१४ मे

ती. एउलालिया मावशीस नायेलीचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आणि मॉन्तेरेचा उकाडा, दोन्ही आटोक्यात असावेत. आई बरी आहे. (तुझं नाव ती काढत नाही, हे तुला ठाऊकच आहे, पण मॉन्तेरेचं हवामान रोज बघते.)

झालं असं, की सान अँटोनियोला उन्हाळ्यात सहा आठवडे ‘मारियाची’ हे आपलं मेक्सिकन ताफ्याचं संगीत शिकवतात आणि व्हायोलिनसाठी माझी निवड झाली. अडलं फक्त आईच्या सहीवर. फॉर्म इंग्रजीत, त्यामुळे बँकेच्या नि दवाखान्याच्या कागदांसारखा तोही स्पॅनिशमध्ये वाचून दाखवायचं काम माझंच (‘सहा आठवडे’ म्हणताना मला नेमका खोकला आला). आईचं म्हणणं, गाण्याने पोट भरत नाही, दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस हो. येत्या शुक्रवारपर्यंत सही नाही, तर जागा दुसरीला. म्हणून मी ठरवलं, मातृदिनी पहाटे, आपल्या रिवाजाप्रमाणे, शाळेचा अख्खा मारियाची ताफा आईच्या खिडकीखाली गायला उभा करायचा आणि आई विरघळली की कागद पुढे सरकवायचा.

आता माझी अक्कल बघ. मी मातृदिन धरला इथला, मेमधला दुसरा रविवार. आईचा मातृदिन तुमचा, मेक्सिकोचा, दहा मे, तो शुक्रवारीच येऊन गेला. त्या दिवशी बेत फुटू नये म्हणून मी तोंडातून अक्षर काढलं नाही. मग दोन दिवस आई माझ्याशी फक्त भांडी आपटून बोलली, आणि रविवारी जादा पाळी मागून घेऊन चारलाच बेकरीत निघून गेली. मला पत्ताच नाही. पाच वाजता आम्ही आठ जण, श्वास कोंडणाऱ्या जाकिटांत, रिकाम्या खिडकीखाली गातोय. दार उघडलं ते शेजारच्या दोन्या रेफुहिओने. चार मुलांपैकी एकाचाही तिला फोन आला नव्हता. गाणं आपल्यासाठीच आहे असं वाटून ती रडायला लागली. तिला खरं सांगायची कुणाची छाती होणार? आणखी तीन गाणी झाली, वर तमाले खाऊन उठावं लागलं.

तिथून बेकरी गाठली. आई कोपरापर्यंत पिठात, समोर गोड पावासाठी रांग. आम्ही गायलो. तिने मान वर केली नाही. शेवटी म्हणाली, “दोन दिवस उशीर. आणि दुसरं कडवं बेसूर.” मग पीठ मळता मळता तेच कडवं तिने म्हणून दाखवलं. मावशी, सोळा वर्षांत मी आईला गाताना ऐकलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की फॉर्म खिशातून काढायचंच विसरले.

तुझी लाडकी,
नायेली

ता. क. घरी येताना आईने सांगितलं, की सतराव्या वर्षी तिलाही एका ताफ्याने बोलावलं होतं आणि तू आजोबांकडे चहाडी केलीस. आता एउलालिया हो म्हणाली तरच सही करेन, अशी तिची अट आहे. तेव्हा शुक्रवारच्या आत फोन कर. माझं सगळं तुझ्या हातात आहे.

ता. क. दुसरा. मला खोटं पचत नाही. सही रविवारी संध्याकाळीच झाली. ‘सहा आठवडे’ तिने इंग्रजीतूनच वाचले आणि माझ्याकडे बघितलं. चहाडी खरी, अट माझी. आई फक्त एवढंच म्हणाली, “एउलालियाचा आवाज माझ्याहून गोड होता.” तरी फोन कर. पाचनंतर ती घरी असते.