तुमच्या घरात ठेवलेली भाषणं

प्रिय पेंटर,

घर पुढच्या महिन्यात पाडणार, त्याआधी एकदा येऊन बघून जा, असं तुझं दोन ओळींचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. भरल्या मैदानात जिची जीभ सहसा अडत नाही, तिला दोन ओळींचं उत्तर सुचेना. आता सुचलंय. मी घर बघायला येणार नाही. लगेच तोंड फिरवू नकोस, आधी कारण ऐक.

हातात चिटोरं नसताना दोन-दोन तास कशा बोलता, असं लोक मला विचारतात. मी हसून वेळ मारून नेते. तुला सांगते. मी प्रत्येक भाषण तुमच्या घरात ठेवते. ही जुन्या वक्त्यांची युक्ती, कॉलेजात असताना कुठंसं वाचलेली. ओळखीचं घर डोळ्यांपुढं आणायचं, एकेक मुद्दा एकेका जागी ठेवायचा आणि बोलताना त्या घरातून चालत जायचं. माझं घर म्हणजे तेव्हा भाड्याची एक खोली, चार मुद्द्यांत भरून जायची. म्हणून तुमचं घेतलं, न विचारता. दारात टर्पेंटाइनचा वास आणि भिंतीला टेकवलेल्या ओल्या पाट्या. तिथं माझी सुरुवात. काकांच्या रंगांच्या डब्यांच्या फळीवर मजुरीचे आकडे. जिन्याखाली कायम अंधार, तिथं सरकारची आश्वासनं. आणि स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी बायकांचा प्रश्न. तिथं माझा आवाज आपोआप चढतो, कारण काकू माझ्याशी तिथंच भांडायच्या. ही बोलायला लागली की भांडीसुद्धा ऐकत बसतात, मग घासायची कुणी, असं म्हणायच्या आणि जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

त्यांनीच एकदा माझी फजिती केली, ते तुला ठाऊक नाही. साफसफाईच्या भरात त्यांनी कपाट या भिंतीचं त्या भिंतीला नेलं. संघटनेचा फलक न्यायला मी त्या संध्याकाळी आले होते. कपाट हललेलं पाहिलं आणि विसरूनही गेले. दुसऱ्या दिवशी सभेत बोलता बोलता मनातल्या त्या भिंतीपाशी पोचते तर कपाट नाही, आणि आठ तासांच्या कामाचा अख्खा मुद्दा कपाटाबरोबर गेलेला. मी गप्प उभी. लोकांना वाटलं, बाई संतापानं थरथरतेय. टाळ्या थांबेनात. तू फलक धरून मागं होतास, तू तेवढा टाळ्या न वाजवता माझ्याकडं बघत राहिलास.

त्या दिवसापासून आठवणीवर मिळेल ते वाचत सुटले, आणि आज छातीठोकपणे सांगते, आठवण म्हणजे कुलुपात जपलेला दागिना ही समजूत साफ खोटी आहे. मन नवं काही आलं की ते जुन्याला गाठ मारून ठेवतं, अर्थ लागेल तेवढं धरतं, उरलेलं सोडून देतं. आणि दर वेळी आठवताना सगळं पुन्हा रचतं. आज पाहिलेलं कालच्यात मिसळून जातं, जोड कुठं ते आपल्यालाही दिसत नाही. शिवाय सगळ्या आठवणी एका जागी राहत नाहीत. शेवटच्या आजारात काकांना पोटच्या पोराचं, तुझं नाव आठवत नव्हतं, पण हातात ब्रश दिला की अक्षर ओळीत उतरायचं, असं तू कळवलं होतंस. तू त्याला चमत्कार म्हणालास. अरे, हातांची आठवण वेगळ्या खोलीत नांदते. आजार त्या खोलीपर्यंत पोचला नव्हता, इतकंच.

तेव्हा उखडलेल्या खिडक्या आणि उघडी पडलेली फळी मला दाखवू नकोस. एकदा पाहिल्या की त्या माझ्या घरात घुसतील आणि मग हटायची नाहीत. तुमचं घर पाडू देत. माझं मी रोज झाडून ठेवते, काकू अजून तिथं भांडतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. त्या घरात एका जागी मी आजवर काही ठेवलेलं नाही. मागचं दार. चळवळीसाठी मी गाव सोडलं त्या सकाळी तू तिथं उभा होतास, मनगटापर्यंत निळा रंग, आणि बोलला नाहीस. मीही बोलले नाही. बोलायचं असून न बोलल्याची जन्मात तेवढी एकच वेळ. भाषण कितीही रंगलं तरी मी त्या दाराला वळसा घालून जाते, कारण तो पोरगा तिथं अजून उभा आहे, आणि मी साठीच्या पुढं गेले. घर मला होतं तसंच हवं. तू मात्र तसा नकोस. आजच्या तुला पाहिलं की तो पोरगा हळूहळू पुसला जाईल, एवढं मी वाचलंय. पुसला जाऊ दे. घर गेल्यावर तुला कुठंतरी जावंच लागेल, आणि तिकडं आता तुझं कुणी उरलेलं नाही. इकडं ये. माझ्याकडं दोन खोल्या आहेत, एकीत दिवसभर चांगला उजेड असतो, पाट्या रंगवायला पुरेल. पिकलेले केस, चष्मा, दुखणारे गुडघे, जे असेल ते घेऊन ये. आणि या खेपेला दारात उभा राहिलास की काहीतरी बोल. मी थांबून ऐकेन.

तुझीच,
काकू जिला तोफ म्हणायच्या ती