काचघरापाशी सुटलेली बस

सोमवार, १७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. भाची बाळंतपणानंतर आता हिंडूफिरू लागली हे वाचून बरं वाटलं. बाळ रात्रभर कुणाला डोळा लागू देत नाही म्हणता, तर तुम्हाला अखेर तुमच्या तोडीचं कुणीतरी भेटलं म्हणायचं! वॉर्डातल्या डॉक्टरांनासुद्धा धाकात ठेवणारी नर्स, आणि एवढ्याशा जिवापुढे हात टेकलेत.

इकडची काळजी नको. कुंड्यांना पाणी घालते. गॅस बंद केला का, हे तुमच्या आवाजात स्वतःलाच विचारते आणि मग पुन्हा उठून बघून येते. लाँड्रीत लग्नाच्या कपड्यांचा ढीग पडलाय. इस्त्रीवाल्याचा हात भाजला, त्यामुळे काउंटर सांभाळून दुपारची इस्त्रीही मीच करते.

फोन का केला नाही, असं तुमच्या मनात आलंच असेल. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. माझं अर्धं वाक्य झालं की पुढचं अर्धं तुमचं. पत्रात तुम्हाला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं, आणि या वेळी मला तेच हवंय. शेवटी तुम्हाला एक गोष्ट विचारणार आहे. तुम्ही हो म्हणालात तर आपल्या दोघींच्या घरात बदल होईल. नाही म्हणालात तर सगळं आहे तसंच राहील. लगेच शेवटचं पान उलटू नका. आधी शहर बघा.

हो, काल मी शहर बघून आले. हसा. तुमची सगळी नोकरी तिथल्या हॉस्पिटलात गेली, मी हँगर आणि साबण आणायला कितीदा जाते; पण बघायला म्हणून आपण कधी गेलो? ती वरून उघडी बस असते ना, पाहुण्यांना फिरवणारी, जिच्याकडे बघून तुम्ही म्हणायचात, "उन्हात भाजून घ्यायला लोक पैसे मोजतात"? त्याच बसमध्ये आम्ही अगदी पुढची जागा पकडली.

'आम्ही' वाचून तुमच्या भुवया वर गेल्या असतील. सांगते हो, धीर धरा.

वरून शहर निराळंच दिसतं. ज्या बाजारात आपण मान खाली घालून चिखल चुकवतो, तिथल्या दुकानांच्या वरच्या मजल्यांवर दगडात कोरलेले चेहरे आहेत, मिशाबिशा असलेले. एका खिडकीत एक बाई केस विंचरत होती. तिने आम्हाला हात केला, मीही केला. तुमच्या हॉस्पिटलावरून गेलो तेव्हा मी जोरात म्हणाले, "इथे आमच्या वन्सं होत्या!" तर बसमधली माहिती सांगणारी मुलगी गांगरली. तिला वाटलं, आता ही बाई माइक मागणार.

तीच मुलगी बसमध्ये चढताना म्हणाली होती, "काका, काकूंना कडेला बसू द्या, त्यांना नीट दिसेल." मी तिची चूक दुरुस्त केली नाही. काकांनीही केली नाही. आम्ही दोघं एकदम घड्याळाचा मनोरा बघायला लागलो, आणि मनोरा अजून आलाच नव्हता.

आता लिहूनच टाकते. माझ्याबरोबर डबलबेल होते.

हे नाव तुम्हीच ठेवलंत. आमच्या काउंटरवरची घंटा वाजवताना त्यांचा हात एकदा वाजवून कधी थांबला नाही. जन्मभर बसमध्ये कंडक्टर. एक बेल दिली की थांब, दोन दिल्या की चल. निवृत्त झाले, पण हाताला कुणी सांगितलंच नाही. दर आठवड्याला शर्ट आणतात. गेल्या पावसाळ्यापासून माझ्या लक्षात आलंय की शर्ट स्वच्छ धुतलेले असतात. मी ते पुन्हा धुते.

शहर बघायला चला, हे त्यांनी विचारलं आणि मी आढेवेढे न घेता हो म्हणाले. तुम्ही नव्हतात म्हणून गेले, असं वाटून घेऊ नका. तुम्ही असतात तर तुमच्यासमोर तयार होण्याचा धीर झाला नसता, एवढं मात्र खरं. ती निळी साडी नेसले होते.

आता झालेली फजिती ऐका. दुपारी बस मोठ्या बागेपाशी थांबली. तिथे काचेचं एक भलंमोठं घर आहे, आत नुसती झाडं. मी त्यात रमले. माणसाएवढे निवडुंग, त्यातल्या एकाला टिकलीएवढं गुलाबी फूल. डबलबेल म्हणाले, "बघा निवांत, मी बसपाशी थांबतो." तेवढ्या वेळात ते थांबले खरे, पण बसच्या दाराशी. दाराशी उभं राहिल्यावर त्या माणसाचं काय होतं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. "चला, बसून घ्या, जिन्यावर उभं राहू नका." माणसं मोजली. ती मुलगी सरबत घेत होती, तिला वाटलं कंपनीने नवीन माणूस ठेवला. ती धावत येऊन चढली, आणि डबलबेलनी पत्र्यावर दोन थापा मारल्या. ड्रायव्हरने बस काढली.

मी काचघराच्या पायऱ्यांवर आले तर डोळ्यांदेखत बस वळणावरून जातेय, आणि दारात डबलबेल, छाती काढून, उभे! माझी पर्स बसमध्ये, चष्मा पर्समध्ये. अस्सा राग आला वन्सं! मी तिथल्या माळ्यासमोर मोठ्यांदा म्हणाले, "अहो, मला विसरला की हा माणूस!" माळ्याने बिचाऱ्याने झारी खाली ठेवली आणि मला बाकावर बसायला सांगितलं.

बाकावर बसले. पुढचं फक्त तुम्हालाच कळेल, म्हणून तुम्हालाच लिहिते. हे, तुमचे भाऊ, सकाळी कामावर गेले आणि परत आलेच नाहीत, तेव्हापासून मला कुणाची वाट बघवत नाही. तुमची रात्रपाळी संपून यायला उशीर झाला की मी जिना उतरून रस्त्यावर येऊन उभी राहायची. तुम्ही रागवायचात, पण रस्त्यापलीकडूनच हात वर करायचात, मी लांबूनच ओळखावं म्हणून. काल मात्र उठून रस्त्यावर जाऊन उभं राहावंसं वाटलंच नाही. हा माणूस येणार, एवढंच मनात होतं. मी निवांत बसले, माळ्याला त्या फुलाचं नाव विचारलं, त्यालाही येत नव्हतं.

ते आले ते पळत. या वयात! पुढच्या सिग्नलला उतरले होते, माझी पर्स छातीशी घट्ट धरलेली, शर्ट घामाने चिकटलेला. मी विचारलं, "एवढी वर्षं माणसं मोजलीत ना? मग मी कशी राहिले?"

ते धापा टाकत होते. म्हणाले, "प्रवासी बरोबर मोजले हो. एकही कमी नव्हता. पण कंडक्टर स्वतःला कधी मोजत नाही. मी तुम्हाला माझ्यात धरलं होतं."

वन्सं, मी रुमाल दिला आणि म्हटलं, "घाम पुसा आधी."

बस गेली ती गेलीच. उरलेलं शहर आम्ही पायी बघितलं, म्हणजे फारसं बघितलंच नाही. संग्रहालय बंद व्हायला आलं होतं. नदीवरच्या पुलापाशी चहा आणि टोस्ट घेतला. तिथे त्यांनी मला विचारलं. काय विचारलं ते तुम्ही ओळखलं असेल. मी ते शब्द लिहीत नाही, मला लाज वाटते. मी म्हटलं, "मी एकटी नाही. माझ्या वन्सं आहेत." तर म्हणाले, "ते मला कळलंय. दिवसभर तुम्ही शहर कमी आणि वन्सं जास्त दाखवल्यात." मग म्हणाले की तेच आपल्याकडे राहायला येतील, तुमची खिडकीजवळची खाट तुमचीच राहील, आणि तुम्ही नाही म्हणालात तर ते दुसऱ्या लाँड्रीत जातील, मला अवघडल्यासारखं नको म्हणून. त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. ते तुमच्याकडून येणार आहे.

तर हे विचारायचं होतं. मी लग्न करू का?

तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला. मी तोंड पाडून बसणार नाही. पण खोटं कशाला लिहू, वाईट वाटेल. खूप वाटेल. मला ते आवडतात. या वयात हे वाक्य लिहिलंय, आणि ते खोडत नाही.

आणि तुम्ही हो म्हणालात तरी एक भीती आहेच. हे गेले त्या वर्षी सगळे म्हणाले, वहिनीला माहेरी पाठवा. तुम्ही दारात उभ्या राहिलात आणि म्हणालात, "ती कुठेही जाणार नाही." त्यानंतर माझं जे काही झालं ते तुमच्या जिवावर झालं. पण मी तुमची वहिनी आहे ती तुमच्या भावामुळे. उद्या दुसऱ्याचा हात धरला, तर मी तुमची कोण? पुलापाशी उभी असताना, सगळं इतकं छान असताना, मला याच एका विचाराने रडू आलं. डबलबेलना वाटलं, टोस्ट घशात अडकला.

लग्नाचं उत्तर सावकाश द्या. बाळंतपण आटोपू दे, घरी या, त्यांना समोर बसवून हवं तेवढं विचारा. पण त्याआधी मला एक साधं कार्ड टाका. आत काही लिहिलं नाहीत तरी चालेल. फक्त वर, मला हाक मारता तशी, 'वहिनी' म्हणून लिहा. तेवढं आलं की मला पुढचं काहीही ऐकता येईल.

तुमच्या भावाची होते म्हणून, आणि आता तुमचीच आहे म्हणून,

तुमची वहिनी