देवघरातला गोळ्यांचा डबा

माय, मागं एका सोमवारी सकाळी देवपूजा झाल्यावर मी फळीवरून तुझा डबा खाली काढला, मांडीवर घेऊन थोडा वेळ बसलो आणि न उघडताच पुन्हा देवांशेजारी ठेवून दिला. मग यवतमाळची एसटी धरली. दर सोमवारी मी तिथल्या मोठ्या दवाखान्यात जातो. मला कोणी नेमलेलं नाही. ज्यांच्या जखमा औषधांना दाद देत नाहीत त्यांच्या घरच्यांजवळ बसतो, डॉक्टर काय म्हणाले ते आपल्या बोलीत सांगतो. झरीकडच्या खेड्यांतून आलेली माणसं तर काही विचारायलाच भितात. "पू तपासाले पाठवला काय, इतकंच इचारा," मी त्यांना म्हणतो. कधी विचारतात, कधी नाही. एखादा डॉक्टर माझ्यावर खेकसतो, एखादी डॉक्टरीणबाई स्वतःहून खुर्ची देते. दोन्हीचं आता फारसं काही वाटत नाही. परतीच्या गाडीत डोळे मिटतो तेव्हा नाव घ्यावं म्हणतो देवाचं, पण झोपच लागते.

तुला जाऊन वीसेक वर्षं झाली, तरी कापूसवेचणीचे दिवस आले की मला आपली चूल दिसते. संध्याकाळी तिच्यापुढं बाया येऊन बसलेल्या, बोंडांची वाळकी टोकं बोचून बोटं फाटलेली, कोणाचं पिकलेलं. तू डब्यातून लाल-पिवळी कॅप्सूल काढतेस, नखानं उघडतेस, आतली भुकटी खोबरेल तेलात कालवून भेगांमध्ये भरतेस आणि त्यांनीच वेचलेल्या कापसाचा बोळा वरून बांधतेस. तापवाल्याला त्याच डब्यातली गोळी, हगवणीलाही तीच. आणि ज्याला बरं वाटलं त्यानं आपल्या उरलेल्या गोळ्या आणून डब्यात टाकायच्या, ही रीत तूच लावलीस. एकाचं दुखणं सरलं की त्याचं औषध दुसऱ्याच्या कामी यावं. लोक देवापुढं काही ठेवावं तशा त्या ठेवायचे आणि हात जोडून जायचे. एकदा तू शेतात असताना एक म्हातारी आली आणि "माय घरी नाई" म्हणून मी तिला दारातूनच वाटेला लावलं. तू आलीस, ऐकलंस, डोक्यावरचा भारा न उतरवताच म्हणालीस, "दुखनेकरी मानूस रिकामा धाडला? वरून देव पाह्यते ना रे." तो भारा डोक्यावर घेऊनच तू तिच्या घरी गेलीस.

डबा तुझ्यामागंही चालू राहिला. तुझ्या सुनेनं चालवला, तुझं नाव राहावं म्हणून. दोन पावसाळ्यांमागं शेतात तिच्या पायात कापसाच्या पऱ्हाटीचं धसकट घुसलं. डब्यातल्या गोळ्या घेतल्या, ठणका थांबला, तिनं गोळ्या थांबवल्या. पुन्हा ठणका, पुन्हा दुसऱ्याच गोळ्या. पाय घोट्याच्या वर सुजला तेव्हा तिला यवतमाळला नेलं. तपासणीत निघालं की त्या जंतूंवर नेहमीची औषधं चालतच नाहीत. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, अर्धीमुर्धी, भलतीच औषधं पोटात जात राहिली की मरायचे ते जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि पुढं वाढतात ते तेच. सुईतून द्यायचं एक औषध लागू पडलं. तुझी सून वाचली, पायाची दोन बोटं गेली. तुझ्या काळी हे तुला कोणी सांगितलं नव्हतं, माय. तू जे दिलंस ते मनापासून दिलंस, आणि तेव्हा त्यानं माणसं बरीही झाली असतील. मला भांडायचं असलं तरी तुझ्याशी भांडता येत नाही.

तरी डबा फळीवर तसाच राहिला, आणि मी मात्र गावोगाव डॉक्टरीणबाईंचं हे म्हणणं सांगू लागलो. मारेगावकडं एका गावात सांगत होतो, तर आपल्याच गावचा एक जावई उठून म्हणाला, "भाऊ, आंधी आपल्या घरचा डबा त बंद करा!" सगळे हसले. मीही हसलो.

त्याच आठवड्यात काकू आली. आता तुझ्या पिढीची तीच एक राहिली आहे. मधलं बोट टरारून सुजलेलं, लाली मनगटापर्यंत चढलेली.

"डबा काढ," ती म्हणाली.

"काकू, डब्यातलं नको. दवाखान्यात चाल माझ्यासंगं."

"कायले? येचनी तुहा दवाखाना करन काय? दोन गोळ्या दे, मी चालली."

"नाई देत."

"लय मोठा डाक्टर झाला बाप्पा! तुह्या मायनं कोनाले रिकामं नाई धाडलं. तू तिच्याच पोटचा होय ना?"

तुझी सून आतून लंगडत आली आणि तिनं आपला पाय काकूपुढं ठेवला. "काकूजी, हे पाहा. मीबी डब्यातल्याच खाल्ल्या."

काकूनं वाकून तो पाय पाहिला. मग म्हणाली, "तुले पायानं थोडीच येचा लागते." पण उठली नाही. सकाळी गाडीवर माझ्यामागं बसून यवतमाळला आली. दवाखान्यात बोटाला चीर दिली, पू तपासायला गेला, नेमकं औषध मिळालं. ते पूर्ण घेईपर्यंत मी रोज तिच्या दारात जायचो आणि ती रोज शिव्या द्यायची. बोट वाचलं.

बरी झाल्यावर ती घरी आली. सवयीनं थेट देवघरापुढं जाऊन उभी राहिली. हातात गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं. ते उलटंपालटं करून म्हणाली, "काय टाकू आता डब्यात? काईच नाई उरलं." तक्रार केल्यासारखंच म्हणाली. मग देवाला हात जोडले आणि गेली.

परवाच्या सोमवारी मी डबा पिशवीत घालून नेला. टाकून द्यायची औषधं जिथं वेगळी ठेवतात तिथल्या सिस्टरबाईंच्या हाती सगळं दिलं. रिकामा डबा घासून त्यात देवाच्या वाती ठेवल्या आहेत, फळीवर, त्याच जागी. तुला लिहिलेले हे कागद कुठं धाडायचे नाहीत, पोथीत राहतील. एकच सांगायचं राहिलं. काल अंगात कणकण होती, आणि नकळत माझाच हात त्या फळीकडं गेला. झाकण उघडल्यावर आत वाती दिसल्या, तेव्हा आठवलं, गोळ्यांचा डबा मी रिकामा केला आहे.