टाळूचं तेल

नागपूर, ता. ४ ऑगस्ट १९७८

चि. सौ. गोपिकेस सुभद्राचे अनेक आशीर्वाद.

जागेश्वर उमरेडले पोचला, तरी तुहं पत्र काहून नाही? सूत आणाले गेला अन् वाडीच्या गोदामात गठ्ठा डोक्यावर पडला, तवा मले वाटलं भाऊ गेला. डॉक्टरीणबाईनं सुईतून औषध देऊन मेंदूची सूज उतरवली, डोक्याचं फुटलेलं हाड काढलं, माणूस परत देल्ला. आता तीन महिन्यांनी घट्ट होते अशी भुकटी कालवून त्या भोकावर झाकण बसवते म्हणते. तवरोक मागावर बसायचं नाही.

मले एवढा धीर नाही. शेजारच्या रामाजीसंगं तेलाची बाटली धाडून राहिली. लेकराची टाळू भरतो तशी रोज भर. बाईले कायले विचारतं?

लिहायचा आळस करू नको.

तुही नणंद,
सुभद्रा

उमरेड, ता. १२ नोव्हेंबर १९७८

ती. सौ. ताईंस गोपिकाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

सोमवारी दवाखान्यात येऊन गेलो. तुमच्याकडे आलो नाही, राग मानू नका. यांच्या टाळूवर पुळ्या झाल्या, म्हणून ऑपरेशन दोन महिने पुढं गेलं. तेल बंद केलं. मागावर अर्धं लुगडं तसंच आहे. हे त्याच्याकडे पाहत बसतात. भोक बुजलं नाही तर यांच्या हातून माग सुटला म्हणायचं.

सासूबाई अंथरुणावर आहेत, पुढच्या बारीले मले येता येणार नाही. तुम्हीच जवळ राहा.

लहानीवर माया असू द्या.

गोपिका

नागपूर, ता. ९ जानेवारी १९७९

चि. सौ. गोपिके, आशीर्वाद.

काल झालं. नर्सनं मले सगळं सांगितलं. भुकटीत औषध ओतलं की आपल्या सुताच्या खळीवाणी दाटते, मंग चटका बसन एवढी तापते. बाईनं वरून थंड पाणी सोडत-सोडत निववली. आता हाडावाणी टणक आहे. असे हात म्या पाहिले नाही. जागेश्वर शुद्धीवर आला अन् पहिले लुगड्याचं विचारलं.

मंग बाई म्हणे, मागं मी याच्या बायकोले सगळ्यांसमोर रागावली, तिनं आपल्याच मनानं तेल घातलं असं कागदावरबी लिहिलं. माह्या वाटणीची बोलणी तू काहून खाल्ली वं? म्या सांगितलं, “तेल माहं होतं. तिचं नाव खोडा.”

बाई म्हणे, लेकराची टाळू हाड वाढून भरते, तेलानं नाही. अन् माह्यासमोर कागदावरचं तुहं नाव खोडलं. एवढी शिकेल बाई, पण आपली चूक मान्य करायले लाजली नाही. मीबी लाजत नाही.

पुढच्या आठवड्यात जागेश्वर येते. बाटलीत तेल उरलं असन. दुपारी निवांत बसून आपल्या डोक्यावर घाल. सहा महिने तूच तापून राहिली.

माह्यावर लोभ ठेव. आजवर मागितला नव्हता.

सुभद्रा